दरीकडचं टोक

सांगली, ता. ६ जानेवारी १९४४

नाथाजी,

तुझा निरोप मिळाला. मोहिद्दीनचाचा गुळाच्या गाड्या घेऊन आले. बैल सोडायच्या आधी मला बाजूला घेऊन म्हणाले, "नाथाजीनं सांगितलंय, माघी पुनवंच्या जत्रंला ये. जोडीनं पळायचं हाय." मी विचारलं, आणखी काय म्हणाला? चाचा म्हणाले, "आनी काय म्हनायचं? एवढंच म्हनला आनी खाली बघाय लागला."

तू खाली का बघत होतास?

टपालानं लिहीत नाही. आपल्या बाजूची पत्रं उघडून वाचतात असं इथं सगळे म्हणतात. हे चाचांच्या हाती देतो. त्यांना वाचता येत नाही. तुमच्या घरात आता तुझ्याशिवाय कोणाला येत नाही.

एकदा सगळं ओळीनं मांडतो. चुकलं तर सांग.

तुझा भाऊ हंबीरदादा श्रावणापासून तुमच्या ओढ्याकाठच्या उसात, खोपीत लपला होता. हे तिघांना ठाऊक होतं. तुला, तुझ्या आईला आणि मला. आपण दोघं जत्रेच्या शर्यतीचा सराव म्हणून उपरण्याची दोन टोकं धरून रोज डोंगराच्या धारेवर जायचो, तिथून उतारानं खाली पळायचो, कमरेची भाकरी खोपीत टाकायचो आणि ओढ्यानं परत यायचो. गावाला वाटायचं, यंदा तांब्याची घागर ह्यांच्याच जोडीला मिळणार. कार्तिकात डोंगर धुंडाळत आलेली पोलिसांची तुकडी धारेवरून उतरली ती नीट खोपीवर गेली. गावात शिरली नाही. कोणाला न विचारता दादाला धरून नेलं, खोप जाळली. म्हणजे त्यांना आधीच कोणीतरी सांगितलेलं होतं. तू सांगणार नाहीस. आई सांगणार नाही. उरलो मी.

त्यात आदल्या दिवशी मी इस्लामपूरच्या बाजारात एका शिपायाशी बोलताना दिसलो होतो. तो अम्माचा मावसभाऊ. त्याच्या मुलीच्या लग्नाचं विचारत होतो. हे मी चावडीवर सांगितलं. लोक ऐकून गप्प बसले. कोणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तूही गप्प होतास. मग दोन दिवसांनी संध्याकाळी आमच्या दारात आलास. डोक्यावर गवताचा भारा होता. तो न उतरवताच म्हणालास, "रसूल, चार दिस बाहीर जा. लोकं लय तापल्यात." मी सांगलीला आलो. आलो म्हणूनच सगळ्यांची खात्री पटली. अम्मा म्हणते, राहिला असतास तर निम्म्या गावाला तरी शंका राहिली असती.

आता तूच बोलावतोस. आणि नुसतं ये म्हणत नाहीस, जोडीनं पळू म्हणतोस. आळ आलेला माणूस ज्याचं नुकसान झालं त्याच्या घरच्या माणसाबरोबर पळतो, ही आपल्या गावची रीत मला माहीत आहे. उपरणं कोणाच्याच हातून न सुटता जोडी दिवस बुडायच्या आत देवळापाशी आली, की त्या घरची बाई आपल्या घागरीतलं पाणी त्याला पाजते. मग विषय मिटला. त्यावर गावात पुन्हा कोणी तोंड उघडायचं नाही. आजोबांच्या वेळी एका गंजीच्या आगीचा असा निकाल लागला होता म्हणतात. त्यानंतर असं कोणी पळाल्याचं मी ऐकलेलं नाही.

पण हे मागायचं असतं आळ आलेल्यानं. तू का मागतोस?

रसूल


सांगली, ता. १६ जानेवारी

नाथाजी,

तुझी चिठ्ठी मिळाली. "तू ये. बाकी मी बघतो. तुझ्या आईचे हाल बघवत नाहीत."

बाकी म्हणजे काय ते लिहिलं नाहीस.

अम्माचे हाल मला चाचांकडून कळतात. ती ओढ्यावर गेली की बायका धुणं अर्धवट पिळून उठतात. राहीबाईनं शिवायला दिलेली गोधडी निम्मी शिवून झाली होती, ती सुईसकट परत नेली. सुई अम्माची होती. तिला मी इथं ये म्हणून कळवलं. तिनं उलट कळवलं, "हितनं हालले तर खरंच ठरंल."

तुमचं दार आमच्या दारासमोर आहे. दोन महिने तुला बघवत होतं. आता माघ जवळ आल्यावर बघवेनासं का झालं, हे मला कळत नाही.

मग मी असा विचार करतो. हंबीरदादा डोंगरातल्या भूमिगत माणसांचा माणूस होता. त्यांना खबऱ्या हवा आहे. खबऱ्याच्या तळपायांचं ते काय करतात हे मला कोणी सांगायला नको. इस्लामपूरच्या बाजारात तसा एक माणूस मी बघितला आहे. भिंतीला धरून टाचांवर चालत होता आणि त्याला कोणी बसायला सांगत नव्हतं. सांगलीत येऊन मला धरणं त्यांना अवघड आहे. जत्रेच्या दिवशी शर्यतीच्या वाटेवर खिंडीत धरणं सोपं आहे. देवळापासून खिंड दिसत नाही. आणि उपरण्याचं एक टोक तुझ्या हातात असेल.

तू असं करशील असं मी म्हणत नाही. तसं होऊ शकतं एवढंच म्हणतो.

दुसरं. मी आता पळणारा राहिलेलो नाही. इथं हरिपूरच्या पेवांत उतरतो. जमिनीत खोल खणलेली ही हळदीची कोठारं. तोंड उघडलं की लगेच उतरायचं नसतं. आधी दोरीनं कंदील सोडून बघतात. कंदील विझला तर आत हवा वाईट आहे असं समजायचं. जळत राहिला तर उतरून पोती भरायची. कंदील जळतो तेवढ्या हवेत माणूस जगतो, पण ती हवा छातीत बसते. चढ चढताना माझ्या घशात शीळ वाजते. अंग तर पिवळंच झालंय. आमचा मुकादम गुंडा रोज विचारतो, "रसूल, हळद लागून म्हैना झाला की रं. अक्षदा कवा टाकायच्या?"

तेव्हा येईन असं म्हणत नाही. येणार नाही असंही म्हणत नाही. एवढं लिही, खिंडीत कोण असेल?

रसूल


सांगली, ता. २८ जानेवारी

नाथाजी,

या वेळी तू जास्त लिहिलंस. तीनदा वाचलं.

"खिंडीत कोण असेल ते माझ्या हातात नाही. उपरणं धरलेल्या जोडीला आजवर कोणी हात लावलेला नाही." हे ठीक. हे खरं असेल. पण पुढं लिहितोस, "तू कोणाला बरोबर आणणार नाहीस ना?"

मी कोणाला आणणार? पोलिसांना? म्हणजे तुझ्याही मनात तेच आहे. वाचून मला राग यायला हवा होता. उलट बरं वाटलं. माझा तुझ्यावर संशय आहे आणि तुझा माझ्यावर, तर निदान आपण एका पातळीवर आहोत.

मात्र शेवटचं वाक्य मला कळलं नाही. "यंदा दरीकडचं टोक मी धरतो."

का? आपण पोरसवदा होतो तेव्हापासून दरीकडून मी पळतो. मी हलका, माझा पाय धरून बसतो. तू जड, तू डोंगराच्या अंगाला. धारेवर एका बाजूला दरी आणि दुसऱ्या बाजूला करवंदीच्या जाळ्या. तू दरीकडं गेलास की जाळ्यांच्या बाजूला मी. जाळीतून हात बाहेर आला तर त्याला पहिला मी सापडतो. तुला हे सुचलं नसेल असं मला वाटत नाही.

कारण लिही. "सोयीचं पडतं" असं लिहू नकोस.

मामलेदारानं जत्रेला बंदी घातल्याचं चाचा म्हणाले. नंतर पूजा आणि शर्यत तेवढी होऊ द्या, पण ढोल नको, दुकानं नकोत, असं झालं म्हणे. म्हणजे बघायला फारसं कोणी नसेल. हेही मी लक्षात ठेवतो.

इकडं मी सकाळी नदीकाठानं पळून बघतो. गुंडा पोत्याच्या सुतळीचं दुसरं टोक धरून दम लागेपर्यंत येतो, मग वाळूत बसतो आणि ओरडतो, "सुटलं रं सुटलं, ठरलास चोर!" लोक हसतात. मीही हसतो. परवा हसताना खोकला आला तो थांबेना.

तरीही येईन असं वाटतं. अम्मानं निरोप पाठवला आहे. तिनं दुसरं काही म्हटलं नाही. एवढंच म्हणाली, "मी मेले तर उचलायला चौघं यायचे न्हाईत. तेवढं बघ."

रसूल


सांगली, ता. ६ फेब्रुवारी

नाथाजी,

तू कारण लिहिलंस. "डावा पाय दुखतो, त्या बाजूनं बरं पडतं."

डावा पाय दुखत असेल तर दरीची बाजू उलट वाईट. हे तुलाही माहीत आहे.

मी येतो. कोणत्या वाटेनं, कधी, ते लिहीत नाही. शर्यत सुटायच्या वेळी देवळापाशी असेन. टोक तुला हवं ते घे.

रसूल


सांगली, ता. १५ फेब्रुवारी

नाथाजी,

जत्रेच्या दिवशीचं लिहितो. तू म्हणशील, मी बरोबरच होतो. तू तुझ्या टोकाला होतास. मी माझ्या टोकाचं लिहितो.

मी आलो तेव्हा तू पायरीवर उभा होतास. उपरणं हातात. माझ्याकडं बघितलं नाहीस, माझ्या मागं बघितलंस. मागं कोणी नव्हतं. मग माझ्याकडं बघितलंस.

तुझी आई, चंद्रामावशी, घागर घेऊन बसली होती. मी वाकलो. ती पदर सारखा करत राहिली. लालासाहेब पाटील म्हणाले, "टोकं धरा. मधी सुटलं तर देवळाकडं येऊ नगा, आपापल्या वाटंनं जावा." त्यांनी हे तुझ्याकडं बघून म्हटलं की माझ्याकडं, ते मी नीट बघून ठेवलं. ते उपरण्याकडं बघत होते.

तीनच जोड्या होत्या. ओढ्यातच भाऊसोनं आपल्याला मागं टाकलं. टाकताना ओरडला, "नाथाजी, टोक गच्च धर रं! ह्यो मधीच इस्लामपूरला वळंल!" त्याच्या जोडीचा अर्जुना हसला. तू हसला नाहीस. चिडलाही नाहीस. एरवी तू ढेकूळ फेकून मारलं असतंस.

चढाला माझी छाती वाजायला लागली. तू हळू झालास. मी म्हणालो, "माझ्यासाठी थांबू नगंस." तू म्हणालास, "थांबलो न्हाई." पण थांबत होतास. मला वाटलं, पुढच्या जोड्या खिंड ओलांडून जाव्यात, मागं आपण दोघंच उरावं, असा तुझा हिशोब आहे. उपरणं मी मनगटाला एक वेढा देऊन धरलं होतं. तो वेढा मी तिथं सोडला. नुसतं मुठीत ठेवलं. वेळ आली तर चटकन सोडता यावं म्हणून. हे तुला माहीत असू दे.

धारेवर आलो. कार्तिकापासून भीतीनं तिकडं कोणी गुरं नेत नाही. गवत कमरेएवढं, वाळलेलं. जाळ्यांच्या बाजूला मी. प्रत्येक जाळीजवळ मी तिरका होऊन पळत होतो. आणि तू बोलायला लागलास. तू पळताना कधी बोलत नाहीस. त्या दिवशी बैलाच्या शिंगांचं बोललास, तंबाखूचं बोललास, कृष्णाताच्या लग्नात वाढप्यांनी बुंदी लपवून ठेवली त्याचं बोललास. खांदा माझ्या खांद्याला लावून पळत होतास. मला दरी दिसत नव्हती, तुझा कान दिसत होता.

धार जिथं सोंडेसारखी पुढं येते तिथं तुझ्या पायाखालचा दगड फिरला. तू पडलास दरीच्या अंगाला. उपरणं ताणलं. मी सोडणार होतो की धरणार होतो ते मला माहीत नाही. हातानं धरलं.

तू बसून राहिलास. पाय मुरगाळला म्हणालास. मी वर बघितलं. पुढं खिंडीत दोन माणसं घोंगड्या घेऊन बसली होती. एकजण उठून आपल्याकडं यायला निघाला.

मी समजलो, ही ती जागा. इथंच पडायचं ठरलं होतं. मी खाली बसलो आणि तुझ्या घोट्यात अंगठा रोवला. जोरात. माणूस सोंग करत असेल तर अशा वेळी थोडा उशिरा ओरडतो. तू उशीर केला नाहीस. "आई गं! मारतोस का काय रं मुडद्या!" घोटा माझ्या डोळ्यांसमोर सुजत होता.

मग तुला उठवायचं म्हणून मी दरीच्या बाजूला गेलो. बगलेत हात घातला. आणि खाली बघितलं.

सोंडेवरूनच तो उतार दिसतो. इतर कुठून दिसत नाही, आणि आपण रोज सोंडेच्या अलीकडूनच उतरायचो. पिवळ्या गवतातून दोन पांढऱ्या ओळी खाली गेल्या होत्या. गवत झिजून माती उघडी पडलेली. दोन ओळी, मध्ये हातभर गवत उभं. बैलगाडी त्या उतारावर जात नाही. गुरं अशी सरळ चालत नाहीत. एका उपरण्याची दोन टोकं धरून रोज एकाच रेघेवर पळणाऱ्या दोन माणसांखेरीज असा माग कशाचाही पडत नाही. दोन्ही ओळी नीट उसाच्या बांधापर्यंत गेल्या होत्या. बांधापलीकडं खोपीचा जळका चौकोन.

कार्तिकात गवत हिरवं असेल. तेव्हा तर त्या आणखी उठून दिसल्या असतील. सोंडेवर उभ्या राहिलेल्या परक्या माणसाला कोणाला काही विचारावं लागलं नसतं.

मी म्हणालो, "नाथा, खाली बघ."

तू म्हणालास, "दिसतंय."

तू मान वळवली नव्हतीस.

तेवढ्यात घोंगडीवाला आला. खुरटी दाढी, डोळ्यांत झोप नाही. तुझ्या पायाकडं बघितलं. विचारलं, "जोडी सुटली का?"

"न्हाई," मी म्हणालो आणि मूठ वर केली. तूही केलीस.

"मग बसलाय कशाला? दिस चाललाय."

तो दरीकडं पाठ करून उभा होता. त्याला वळायला सांगणं एवढंच बाकी होतं. एकदा त्यानं बघितलं असतं तर माझ्यावरचा आळ तिथंच संपला असता. पाणी नको, पळणं नको. तू माझ्याकडं बघितलंस आणि अगदी हळू म्हणालास, "सांगू नगंस."

मी सांगितलं नाही. तू म्हणालास म्हणून नव्हे. त्याला काय पटेल याची खात्री नव्हती. खबऱ्यापेक्षा मूर्ख बरा, असं डोंगरातली माणसं मानतात की नाही, ते मला ठाऊक नाही. आणि त्या दोन ओळींत तळपाय दोघांचेही होते.

तुला अंगावर घेऊन उतरलो. तू उजव्या मुठीत टोक धरलंस, मी डाव्या. माझी छाती वाजत होती, तुझे दात वाजत होते. मध्येच तू म्हणालास, "मला ठिवून जा." मी म्हणालो, "ठिवलं तर सुटतंय." भाऊसोच्या जोडीला घागर मिळूनही गेली होती. दिवस देवळाच्या मागच्या बाभळीत अडकला होता. लालासाहेबांनी दोघांच्या मुठी उघडून बघितल्या. माझ्या तळहातावर उपरण्याचे वळ होते.

तुझ्या आईनं पाणी दिलं. थोडं माझ्या छातीवर सांडलं. म्हणाली, "पी लेकरा." मग म्हणाली, "माझं पोरगं आत हाय रं. मी कुनावर तरी संशेव घेनारच की." मी प्यालो. लालासाहेब म्हणाले, "मिटलं. आता ह्या गोष्टीवर गावात कुनी तोंड उघडायचं न्हाई."

मी तोंड उघडलं होतं. ते मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राहीबाई गोधडी घेऊन अम्माकडं आली. सुई लावलेलीच होती. अम्मा रडली. मी तिला काही सांगितलं नाही.

रीतीनं माझ्यावरचा आळ काढला, आणि त्याच रीतीनं माझं तोंडही बांधलं. हे मला गावात बोलता येणार नाही म्हणून सांगलीतून लिहितो. एकच विचारतो. तुला ते पहिल्यांदा कधी दिसलं?

रसूल


सांगली, ता. २ मार्च

नाथाजी,

चिठ्ठी मिळाली. "त्याच दिवशी दिसलं. देवाशपथ. पाय बरा होतोय."

पाय बरा होतोय हे वाचून बरं वाटलं. त्यात खोटं नाही.

पहिलं वाक्य मात्र मला पटत नाही. तू पहिल्यांदाच बघितलं असतंस तर मान वळवून बघितलं असतंस. आधीच दरीकडचं टोक मागितलं नसतंस. कृष्णाताच्या लग्नातली बुंदी तुला आठवली नसती.

मी दिवस मागं लावून बघितले. दादाला धरल्यावर दोन दिवसांनी तू गवताला गेला होतास. खालचं गवत तोवर गुरांनी खाल्लेलं होतं. उभं गवत होतं ते धारेवर. तू तिथं कापत होतास. तिथून खाली उतरलास तो घरी न जाता माझ्या दारात आलास आणि भारा उतरवायच्या आत मला गाव सोडायला सांगितलंस. तू मला लोकांपासून वाचवत होतास असं मी तीन महिने समजत होतो.

तू वाईट हेतूनं केलंस असं म्हणत नाही. भ्यालास. त्या ओळी आपल्या दोघांच्या. मी तिथं असतो तर मीही एक दिवस वर गेलो असतो, मलाही दिसलं असतं, आणि मी ओरडत खाली आलो असतो. म्हणून मी नको होतो. माझ्या अम्माची सुई गोधडीसकट गेली तेव्हा तुला बघवलं. नंतर बघवेना, तेव्हा तू मला पळवून सोडवलंस. तेही खरं आहे. घोटा मोडेपर्यंत पळालास. तेही मी विसरत नाही. पण तू मला सोडवलंस ते न बोलता सुटण्यासाठी, आणि आता गावात तू सुटलास, मीही सुटलो, आणि कोणी काही केलंच नाही असं झालं.

तुझी आई मात्र सुटली नाही. तिला पाणी पाजावं लागलं म्हणून तिनं पाजलं. ओंजळीत पाणी ओतताना ती माझ्याकडं बघत नव्हती. संशय तिच्या मनातून गेलेला नाही, रीतीमुळं गप्प बसला आहे. ती म्हातारी उरलेलं आयुष्य समोरच्या दारात माझी अम्मा दिसली की तेच मनात आणणार. अम्मालाही ते कळत असणार.

रीत तोंड उघडायला बंदी करते. मी लालासाहेबांचे शब्द पुन्हा पुन्हा आठवून बघितले. बघायला बंदी नाही.

तेव्हा एक कर. पाय बरा झाला की आईला गवताच्या निमित्तानं धारेवर घेऊन जा. सोंडेवर उभं कर. एक शब्द बोलू नकोस. ती भाकरी बांधून द्यायची, आपण कुठून पळायचो ते तिला माहीत आहे. तिला दुसरं काही सांगावं लागणार नाही. रागावली तर दोघांवर रागवेल. ते मला चालेल.

ज्येष्ठानंतर ओळी राहणार नाहीत. दादा सुटून येईल तेव्हा त्याला तिथं नुसतं गवत दिसेल, आणि तो विचारील तेव्हा दाखवायला कोणाकडं काही नसेल.

तू नेलंस की नाही हे मी तुला विचारणार नाही. तू काहीही लिहिलंस तरी मी त्यावर विश्वास ठेवीन असं नाही. मोहिद्दीनचाचा दहा-बारा दिवसांनी येतात. मी त्यांना एवढंच विचारत जाईन, चंद्रामावशी अम्माच्या दारात येऊन बसली का?

रसूल